सर्दीच्या गोळ्या आणि काकूंचं हिमोग्लोबिन

न्यू जर्सीतल्या आमच्या फार्मसीत जानेवारीत सर्दीवाल्यांची रीघ लागते. चघळायच्या झिंकच्या गोळ्या तर मांडल्या की संपतात. त्या गर्दीत ओळखीच्या काकू काउंटरवर आल्या. हातात लोहाच्या गोळ्यांची बाटली आणि झिंकची चार पाकिटं.

"घरात सगळेच आजारी आहेत का?"

"छे गं, मलाच लागतात. सर्दी होऊच नये म्हणून दिवसाला सहा-सात चघळते. गेल्या हिवाळ्यापासून."

"आणि लोह?"

"हिमोग्लोबिन वर यायचं नावच घेत नाही. पांढऱ्या पेशीही कमी झाल्यात. आता आतड्यातून रक्त जातंय का ते बघणार आहेत." बोलताना त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली होती. तळपायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो. "वय झालं, दुसरं काय!"

मी पाकीट उलटून पाहिलं. एका गोळीत 13.3 मिलिग्रॅम झिंक. सहा गोळ्यांचे 80 झाले, आणि प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा 40.

झिंक असं जास्त झालं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन भरपूर बनवतात. ते तांबं पकडून ठेवतं, आणि पेशी झडल्या की त्यांच्याबरोबर तांबंही शौचावाटे निघून जातं. विल्सनच्या आजारात शरीरात तांबं साठतं, म्हणून तिथे झिंक औषध म्हणूनच देतात. काकूंना तो आजार नव्हता, उपचार मात्र जोरात चालू होता.

त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या यादीत झिंक नव्हतंच. ("ते काय औषध आहे का!" इति काकू.) रक्तातलं तांबं आणि ते वाहून नेणारं सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन तपासलं, दोन्ही खाली. तांबं कमी पडलं की रक्तपेशी नीट बनत नाहीत आणि नसाही बिघडतात; काकूंचं हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, मुंग्या, सगळं त्यातूनच.

गोळीत अगदीच दम नाही असं नाही. 1996 साली क्लीव्हलँडच्या अभ्यासात ती घेणाऱ्यांची सर्दी 7.6 ऐवजी 4.4 दिवसांत ओसरली होती. पण ती पहिल्या चोवीस तासांत सुरू करून, सर्दी असेपर्यंतच. नंतरच्या अभ्यासांचे निकाल उलटसुलट आले. सर्दी टाळायला मात्र झिंकचा फारसा उपयोग नाही, असंच अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2024 च्या कोक्रेन आढाव्यातही दिसतं.

झिंक बंद झालं, तांबं सुरू झालं. रक्त हळूहळू सुधारलं, पायाच्या मुंग्या मात्र अजून आहेत. परवा काकू पिशवी घेऊनच आल्या.

"उरलेली पाकिटं परत घेशील का गं?"

"फोडलेली नाही घेता येत, काकू."