हल्क १८१ ग्रेडिंगला पाठवायचा की नाही

शेवटी परवा ग्रेडिंगचा फॉर्म भरायला घेतला, म्हणजे जुन्या कॉमिकची अवस्था तपासून त्याला आकडा देतात त्याचा. तीन महिने नुसता घोळ चालला होता, पाठवू की नको, पाठवू की नको, नवरा पण म्हणायला लागला की एकदाचं काय ते ठरव. इथे सविस्तर लिहितेय कारण इकडे न्यू जर्सीत आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या कपाटात असे जुने कॉमिक्स पडून आहेत आणि "ग्रेडिंग करून घे गं, किंमत कुठच्या कुठे जाते" असं सांगणारं कुणीतरी भेटतंच.

माझ्याकडे आहे तो इन्क्रेडिबल हल्कचा १८१ वा अंक, नोव्हेंबर १९७४, छापील किंमत २५ सेंट. वुल्व्हरिन, तो एक्स-मेनमधला पंजेवाला हिरो, १८० च्या शेवटी फक्त तोंड दाखवून जातो, खरा येतो तो १८१ मध्ये, म्हणून याला एवढी मागणी. मी २००६ मध्ये नोकरीच्या तिसऱ्या पगारातून साडेतीनशे डॉलरला घेतला होता. तेव्हा माझ्या वाट्याचं घरभाडं तेवढंच होतं त्यामुळे आईला फोनवर सांगितलंच नाही. आता मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल, तर हा विकायचा हे माझं मनातून ठरलेलं आहे, आणि विकायचाय म्हणूनच ग्रेडिंगचा प्रश्न आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉमिक फ्लोरिडातल्या सारासोटाला पाठवायचं, तिथे सीजीसी नावाची कंपनी आहे, २००० सालापासून हेच काम करते, ते लोक पानं मोजतात, कव्हर, पिना, कोपरे सगळं बघतात आणि ०.५ ते १० मधला एक आकडा देऊन जाड पारदर्शक प्लास्टिकच्या केसमध्ये सील करून परत पाठवतात. त्याला स्लॅब म्हणतात. लेबलवर कागदाचा रंग पण लिहितात, पांढरा आहे की पिवळट पडलाय. एकदा स्लॅब झालं की वाचता येत नाही, केस फोडली की तो ग्रेड गेला. माझ्या मते इथेच अर्धा निर्णय होतो. विकायचं नसेल तर बंद करून ठेवायचं कशासाठी? चांगली मायलरची (पारदर्शक प्लास्टिकची) पिशवी आणि मागे ॲसिड नसलेला बोर्ड, तेवढं पुरतं.

आणि विकायचं असलं तरी सगळ्याच कॉमिक्सना परवडत नाही हो. माझ्याकडे १९९१ च्या एक्स-मेन नंबर १ च्या दोन कॉप्या आहेत, तो अंक ऐंशी लाखांच्या वर खपला होता आणि लोकांनी पहिल्या दिवसापासून जपून ठेवला, त्यामुळे आज तो कुठेही चार-पाच डॉलरला मिळतो. त्याची ग्रेडिंग फी तीसेक डॉलर, वर दोन्हीकडचं शिपिंग, इन्शुरन्स, आणि ९.४ आला तर फीसुद्धा सुटत नाही, ९.८ च लागतो. ९.८ आणि ९.४ मधला फरक म्हणजे स्पाइनवरच्या, म्हणजे अंकाच्या पाठीच्या घडीवरच्या, बारीक पांढऱ्या रेघा, तुम्हाआम्हाला दिसणार पण नाहीत. तेव्हा नव्वदच्या दशकातल्या खोक्याच्या खोकी पाठवणाऱ्यांनी आधी बेरीज-वजाबाकी करा, कळकळीने सांगतेय.

१८१ ची गोष्ट वेगळी. त्या काळात मार्व्हलच्या अंकात पत्रांच्या पानावर एक छोटा स्टॅम्प छापलेला असायचा, पोरांनी कापून वहीत चिकटवायचा, आणि पोरांनी खरंच कापले. त्यामुळे १८१ च्या किती कॉप्यांमध्ये त्या जागी चौकोनी भोक आहे. तसं असलं तर अंक अपूर्ण, दोष दाखवणारं हिरवं लेबल नाहीतर ग्रेड एकदम तळाला. म्हणून घेणारा पहिला प्रश्न विचारतो, स्टॅम्प आहे का? माझ्यात आहे. काठावर कात्रीची खूण पण नाही, मी तीनदा बघितलं.

मग एका रविवारी टेबलावर पांढरा टॉवेल पसरला, हात धुवून कोरडे केले आणि कव्हर उघडून आतल्या बाजूने टॉर्च मारला. स्पाइनच्या खालच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा डाग, आतल्या कोऱ्या कागदावर शाई झिरपलेली. बाहेरून बघितलं तर तिथे काहीच नाही, रंग अगदी बेमालूम. म्हणजे कुणीतरी कधीतरी पांढरा पडलेला चरा मार्करने भरलाय. याला कलर टच म्हणतात आणि सीजीसी असल्या कॉपीला जांभळं लेबल देते, रिस्टोर्ड, म्हणजे डागडुजी केलेली. साध्या निळ्या लेबलच्या मानाने किंमत खूपच पडते. अठरा वर्षं माझ्याकडे आहे आणि मला माहीत नव्हतं, ज्याने विकला त्याला तरी माहीत होतं की नाही देव जाणे. त्या रात्री झोप आली नाही मला, खरंच.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं मग पाठवूच नकोस ना, तसाच विक, कुणाला कळतंय?" पण मला कळलंय ना आता. एक मार्ग असाही आहे की रंग लावलेला भाग खरवडून काढतात, कागदाचा तेवढा कण जातो, ग्रेड उतरतो पण लेबल निळं होऊ शकतं. तोही विचार केला. पण पन्नास वर्षांच्या कागदावर ब्लेड चालवायचं ते फक्त लेबलच्या रंगासाठी, हे मला पटत नाही. प्रेसिंगही नको, उष्णता आणि दाबाने वळ्या जातात हे खरं, पण जिथे रंग तुटलाय तिथे त्याचा उपयोग नाही आणि माझ्या कॉपीत बहुतेक वळ्या तशाच आहेत.

तर ठरलं ते असं. १८१ पाठवायचा, जांभळं येणार हे धरूनच. कारण १८१ जांभळ्या लेबलवरसुद्धा फी सहज काढतो, आणि घेणाऱ्याला काय घेतोय ते लेबलवर लिहिलेलं दिसेल, माझ्या शब्दावर विसंबायला नको. स्लॅबवर पण आंधळा विश्वास नको बरं का, २०२३ च्या शेवटी कुणीतरी केस उघडून आत भलतीच कॉपी घालून नव्या केससाठी पाठवत होतं ते उघडकीला आलं, कंपनी कोर्टात गेली. म्हणून मी पाठवायच्या आधी प्रत्येक पानाचे फोटो काढलेत, त्या डागाचा टॉर्च लावून सुद्धा, आणि विकताना ते फोटो सोबत देणार.

बाकीचं काही पाठवत नाही. दादाचे मराठी इंद्रजाल कॉमिक्स आहेत माझ्याकडे, फँटमचे, पिना गंजून भोवती तपकिरी डाग पसरलेत, एकाच्या कव्हरवर त्याने बॉलपेनने रोल नंबर टाकलाय. ग्रेड एकच्या आसपास येईल, आणि मुलगी ते अडखळत अडखळत वाचते आता, "आई, पाषाण म्हणजे?" विचारते. ते पिशवीतून काढायला सोपे असलेलेच बरे.

फॉर्मवर एक रकाना तेवढा राहिला होता. कॉमिकची किंमत किती ते आपणच लिहायचं, त्यावर फी आणि इन्शुरन्स ठरतो. नवरा म्हणाला निळ्याची लिही, वाटेत हरवलं तर? मी जांभळ्याची लिहिली. सोमवारी पोस्टात टाकते.