हट्टी ओल

इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नाही. का, ते विचारायचं नाही. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, असं भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी 1957 मध्ये लिहून ठेवलंय. आम्हा बेळगावकरांना हे जरा जडच जातं. आमच्याकडं मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच वाक्याच्या पंगतीला बसतात आणि कुणी कुणाला उठवत नाही.

माझी भाची शेतकी शास्त्र शिकते. जवळच्या यळ्ळूरच्या काळ्या जमिनीवर तिनं पेपर लिहिला आणि शीर्षकात घातलं ‘स्टबर्न मॉइश्चर’, म्हणजे हट्टी ओल. “मामा, चालतंय काय बघा की.” इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला घरात एवढंच काम उरतं.

जोडी ऐकायला झकास. म्हणूनच संशय आला. ‘स्टबर्न’ची इंग्रजीतली नेहमीची सोबत म्हणजे कपड्यांवरचे डाग, नाहीतर खोकला. छापील पुस्तकांत कुठला शब्द किती येतो ते दाखवणाऱ्या गूगलच्या एनग्रॅममध्ये बघावं, तर निदान 40 पुस्तकांत न आलेली जोडी तो दाखवतच नाही. तेव्हा तिथली कोरी पाटी हा काही पुरावा नव्हे. निर्जीव वस्तूला माणसाचे गुण लावू नयेत, हा नियमही आम्हा मास्तरांचाच. विज्ञानानं तो कुठं पाळलाय? हेलियम, निऑन हे ‘नोबल गॅस’, म्हणजे खानदानी वायू. कारखान्यातल्या झडपांच्या सांध्यांतून निसटणारे वायू म्हणजे ‘फ्युजिटिव्ह एमिशन्स’, अगदी फरारी आरोपीसारखे, आणि हा शब्द सरकारी नियमावल्यांतही असतो.

मग अडचण कुठं? काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी इतकं घट्ट धरते, की एका मर्यादेनंतर मुळांना ते ओढता येत नाही. ढेकूळ हातात घेतलं तर ओलसर लागतं आणि शेजारी मसूर मान टाकून उभा. या मर्यादेला ‘परमनंट विल्टिंग पॉइंट’, म्हणजे कायमचं कोमेजण्याची पातळी, म्हणतात आणि दाबाच्या मापात ती साधारण उणे 1500 किलोपास्कल धरतात. म्हणजे हट्ट किती, तोही मोजून ठेवलाय! त्यापुढं जमिनीत उरतं ते ‘अनअव्हेलेबल वॉटर’, म्हणजे पिकाला न मिळणारं पाणी. एवढं नाव असताना नवं दिलं, की वाचणारा थबकतो: ही आणखी वेगळी ओल काय?

“मग ‘ब्लॅक होल’ कसं चाललं?” भाची सोडते होय! त्याला आधी ‘गुरुत्वाकर्षणानं पूर्ण कोसळलेली वस्तू’ असं लांबलचक नाव होतं. 1967 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी भाषणात हे दोन शब्द वापरले आणि ते रूढ झाले. तिथं बोलणाऱ्याची जीभ वाचली. इथं काय वाचतंय?

“अनअव्हेलेबल म्हटलं की पाणी संपलंय असं वाटतंय. संपलेलं नाही की मामा. आहे, पण देईना झालंय.”

हा मुद्दा बिनतोड होता. तरी शीर्षकातून जोडी काढायला लावली, कारण पेपर शोधणारा रूढ नावानंच शोधणार. चर्चेच्या भागात एकदा, रूढ नावाला जोडून, राहू दिली. परिसंवादाच्या पोस्टरवर मात्र तिनं ती भल्यामोठ्या अक्षरांत छापून घेतलीय, मला न विचारता.