तुम्ही विचारलंत म्हणून : पावसात मॅरेथॉन पळायची का?

सातारा हिल हाफ (साताऱ्याची घाटातली अर्धमॅरेथॉन) जवळ आली की, किंवा ओळखीतलं कुणी बोस्टन-शिकागोला निघालं की, हा प्रश्न हमखास येतो: "रेसच्या दिवशी पाऊस असला तर पळायचं का, आणि कसं?"

पळायचं. पण नुसत्या 'पाऊस' या शब्दावरून काही ठरत नाही. हवा किती गार आहे, वारा कुठून येतोय आणि तुमचा वेग शेवटपर्यंत टिकणार आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत. ऑगस्टअखेरीस साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात पडणारा पाऊस आणि एप्रिलमधला बोस्टनचा पाऊस यांची तयारी अगदी वेगळी. तरी दोन्हीकडे एक गोष्ट खरी आहे: पाऊस पळत्या माणसाला जेवढा त्रास देतो, त्याच्या कितीतरी पट थांबलेल्याला देतो. त्यामुळे काळजी घ्यायची ती स्टार्टआधी ताटकळण्याची, शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये चालावं लागण्याची आणि फिनिशनंतरच्या पंधरा मिनिटांची.

१६ एप्रिल २०१८ची बोस्टन मॅरेथॉन बघा. तापमान ३ ते ५ अंशांच्या आसपास, सरींमागून सरी, आणि हॉपकिंटनहून बोस्टनकडे येणारा रस्ता साधारण पूर्वेला जात असल्यामुळे वारा जवळजवळ सगळा वेळ तोंडावर. महिलांमध्ये डेझिरी लिंडन २:३९:५४ मध्ये जिंकली. बोस्टनच्या विजेतीला इतका वेळ १९७८नंतर कधी लागला नव्हता. शर्यतीच्या सुरुवातीच्या भागात तिने शलेन फ्लॅनगन या दुसऱ्या अमेरिकी धावपटूला सांगून टाकलं होतं की आज मी बहुधा सोडून देईन, तुला काही मदत लागली तर सांग. फ्लॅनगन शौचालयासाठी थांबली तेव्हा लिंडन मागे रेंगाळली आणि तिला पुढच्या गटापर्यंत घेऊन आली. वेळेचं ओझं उतरवलेली बाई त्या दिवशी जिंकली, आणि मला हे योगायोगाचं वाटत नाही. पुरुषांत पहिला आला जपानचा युकी कावाउची, २:१५:५८. तो तेव्हा सायतामात सरकारी नोकरी सांभाळून पळायचा, आणि त्याच वर्षी १ जानेवारीला मॅसॅच्युसेट्समधल्याच मार्शफील्डला शून्याखाली १७ अंशांत एक मॅरेथॉन पळून गेला होता. महिलांत दुसरी आलेली सारा सेलर्स ही भूल देण्याचं काम करणारी परिचारिका. गॅलन रपसारख्या नावाजलेल्या धावपटूंना मात्र अर्ध्यातून बाहेर पडावं लागलं.

असं का होतं? पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. ओला टी-शर्ट अंगाला चिकटला आणि त्यावर वारा लागला की शरीर सतत ऊब गमावतं. जोरात पळताना स्नायू तेवढीच ऊब तयार करतात, म्हणून पहिले २५-३० किलोमीटर फारसं जाणवत नाही. मग पाय थकतात, पेस (पळण्याचा वेग) पडतो, माणूस चालायला लागतो. ऊब तयार होणं एकदम घटतं, गमावणं मात्र तसंच चालू राहतं. म्हणजे ज्याने सुरुवातीला आपल्या ताकदीबाहेरचा पेस धरला, तोच शेवटी गारठतो. गार पावसात पहिली हाफ मुद्दाम हात राखून पळायची, ती यासाठी.

पेसबद्दल माझा हिशेब सोपा आहे. समोरून वारा असेल तर घड्याळातला पेस बघणं बंद करा आणि श्वासावर पळा. पहिल्या हाफमध्ये शेजारच्याशी तीन-चार शब्दांची वाक्यं बोलता आली पाहिजेत. आपल्यासारख्याच वेगाचे चार-पाच जण शोधा, त्यांच्या मागे एक-दीड मीटरवर राहा आणि आपली पाळी आली की पुढे या. परतीच्या रस्त्याची रेस असेल तर वारा पाठीशी आल्यावर गेलेला वेळ भरून निघेल, या हिशेबावर राहू नका. तोंडावरचा वारा जेवढं नेतो, तेवढं पाठीवरचा परत देत नाही.

आता स्टार्टआधीचं. बोस्टनला बसने हॉपकिंटनला नेऊन सोडतात आणि तिथल्या शाळेच्या मैदानावर बराच वेळ थांबावं लागतं. २०१८ला त्या मैदानाचा पार चिखल झाला होता. मुंबई-पुण्यातही गर्दी आणि सुरक्षा तपासणीमुळे तास-दीड तास जातोच. पळण्याच्या कपड्यांवर टाकून देता येईल असा जुना स्वेटर आणि त्यावर कचऱ्याची मोठी काळी पिशवी, डोकं आणि हात बाहेर येतील अशी तीन भोकं पाडून. पोंचो वाऱ्यात फडफडतो, ही पिशवी अंगाला बसते. बुटांवर दोन पिशव्या घोट्याशी रबराने बांधा, नाहीतर जुने बूट घालून जा आणि शेवटच्या क्षणी बदला. कोरड्या पायाने केलेले पहिले पाच किलोमीटर पुढच्या फोडांच्या बाबतीत फार मोलाचे असतात. पिशवी पहिल्या किलोमीटरला काढून फेकण्याची घाई नको. अंग तापलं की पाण्याच्या केंद्राजवळच्या कचरापेटीत टाका. रस्त्यात टाकलेली पिशवी मागच्याच्या पायात येते.

फोड आणि सोलवटणं याबद्दल लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि त्यानेच सगळ्यात जास्त हैराण होतात. भिजलेली कातडी मऊ पडते, मग घर्षणाने सुटते. बोटांच्या बेचक्यांत, टाचेवर, जांघेत, काखेत, ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलीनचा जाड थर हवा, पुसट लावून भागत नाही. पुरुषांनी स्तनाग्रांवर मायक्रोपोर पट्टी लावावी, आणि ती व्हॅसलीनच्या आधी, कोरड्या कातडीवर, नाहीतर पाचव्या किलोमीटरला निघून येते. सुती मोजे आणि सुती टी-शर्ट अजिबात नको: सूत पाणी धरून ठेवतं, जड होतं आणि किसणीसारखं घासतं. वॉटरप्रूफ बूट घेऊ का, असंही विचारतात. घेऊ नका. पाणी घोट्याकडून आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाट नसते. जाळीचे, वापरलेले बूटच बरे. नाडी ओली झाली की सैल पडते, तेव्हा दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचा.

निसरड्या जागा ठरलेल्या आहेत. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, उड्डाणपुलांच्या जोडांवरच्या धातूच्या पट्ट्या, वेळ नोंदवणाऱ्या टायमिंग मॅट, आणि पाण्याच्या केंद्रापुढचे पन्नास मीटर, जिथे कागदी पेले, केळ्याच्या साली आणि एनर्जी जेलच्या (पळताना खायच्या गोड, घट्ट द्रवाच्या) रिकाम्या पुड्या पसरलेल्या असतात. तिथे पावलं छोटी करा, वळण रुंद घ्या. साचलेल्या पाण्यात तळ दिसत नसेल तर वळसा घालून जा, खाली खड्डा असतो. तळव्यात कार्बनची पट्टी असलेल्या काही रेसच्या बुटांना तळाशी रबर अगदी कमी असतं. ते ओल्या रस्त्यावर एकदा पळून तपासल्याशिवाय रेसला घालू नका.

गार हवेत बोटं बधिर होतात आणि साध्या गोष्टी अडतात. जेल उघडत नाही, शॉर्ट्सची नाडी सुटत नाही. आत नायट्राइलचे पातळ हातमोजे आणि वर लोकरीचे, ही जोडी उत्तम चालते. जेलच्या पुडीला घरीच कात्रीने बारीक खाच द्या. चष्मा असेल तर पुढे छज्जा असलेली टोपी हवीच. घड्याळाचा टचस्क्रीन पावसाच्या थेंबांनी आपोआप चालतो, तो लॉक करून बटणं वापरा. बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, सगळ्यात बाहेरच्या थरावर, चार पिनांनी. वेळ नोंदवणारी चिप त्याच बिबमध्ये असते आणि ओल्या कपड्याखाली दबली तर तिची नोंद चुकू शकते.

पिण्याच्या बाबतीत गार पावसात उलटी चूक होते. घाम कमी येतो, तरी माणूस सवयीने प्रत्येक केंद्रावर दोन पेले रिचवतो. रक्तातलं सोडियम पातळ होतं: मळमळ, डोकेदुखी, हाताची बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं होणं. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि त्याच्याशी सगळ्यात घट्ट संबंध दिसला तो पळताना वजन वाढण्याशी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिण्याशी. तहान लागेल तसं घोट-घोट प्या. जेल मात्र ठरल्या वेळी घ्या, कारण गारठ्यात भूक कळत नाही आणि थरथरण्यातही साखर खर्च होते.

आता आपल्याकडचं. २२-२४ अंशांचा पाऊस पळणाऱ्याला मदतच करतो, अंग बाहेरून गार ठेवतो. सातारा हिल हाफमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना धुकं आणि भुरभुर असेल तर ते चांगलंच समजा. त्रास उतारावर होतो. तिथे मेहनत कमी, वारा जास्त, आणि अंग चढावर घामाने-पावसाने चिंब झालेलं. वर पोचल्यावर फोटोसाठी दहा मिनिटं थांबू नका. उतरताना मागे रेलून टाचेवर ब्रेक मारत आलात तर मांड्या आखडतात आणि शेवाळलेल्या कडेला पाय सुटतो. किंचित पुढे झुकून, छोट्या भरभर पावलांनी, रस्त्याच्या मधल्या खरखरीत भागातून उतरा.

आपल्या शहरांतलं खरं वाईट हवामान म्हणजे न पडलेला पाऊस: ढगाळ, वारा बंद, हवेत इतकं बाष्प की घाम सुकायचं नाव घेत नाही. ठिबकून गेलेला घाम गारवा देत नाही, वाळलेला देतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असूनही हा त्रास होतो, कारण पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे येतो आणि तोवर ऊन वर आलेलं असतं. अशा दिवशी पारा बघून फसू नका, बाष्पही धरणारा वेट बल्ब ग्लोब तापमान हा आकडा बघा. त्यात ओल्या फडक्याच्या तापमापीला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि साध्या पाऱ्याला फक्त १० टक्के वजन असतं. हा आकडा २८ अंशांच्या वर गेला तर लांब पल्ल्याची रेस घेऊच नये, असा जुना वैद्यकीय सल्ला आहे. शिकागोत ७ ऑक्टोबर २००७ला पारा ३१ अंशांपर्यंत गेला, काही केंद्रांवर पाणी संपलं आणि सुमारे साडेतीन तासांनी रेस थांबवावी लागली. तिथे आता हिरवा, पिवळा, लाल, काळा असे इशाऱ्याचे रंग असतात. लाल दिसला तर तुमचा ठरलेला पेस किलोमीटरमागे निदान २०-३० सेकंदांनी उतरवा, तोही पहिल्या किलोमीटरपासून. दमट उकाड्यात मीठही बरंच जातं. तिथे नुसतं पाणी नको, अधूनमधून ओआरएस घ्या.

विजा असतील तर मात्र चर्चा नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पूल, घाटाचा माथा, मोकळं मैदान सोडा, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजा दाखवतं, पावसाळ्यात सराव करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं.

गारठ्याची लक्षणं पळणाऱ्याला स्वतःला कळत नाहीत, म्हणून सोबत्याकडे बघा. हुडहुडी आवरत नाही, जीभ जड येते, पाय वेडेवाकडे पडतात, साध्या प्रश्नाचं उत्तर चुकतं: त्याला तिथेच थांबवून वैद्यकीय तंबूत न्या. हुडहुडी आपोआप थांबली आणि माणूस सुस्त झाला तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही, शरीराचं तापमान आणखी उतरल्याचं आहे. मे २०२१मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट, पाऊस आणि वारा आला आणि २१ धावपटू दगावले. वारा अडवणारं जॅकेट तिथे सक्तीचं नव्हतं. शहरात मदत हाकेच्या अंतरावर असते, पण शरीर गारठण्याची पद्धत तीच.

फिनिशनंतर मेडल, फोटो, नाश्ता सगळं नंतर. आधी ओला टी-शर्ट काढा. बॅगेज काउंटरला दिलेल्या पिशवीत सगळं वेगळ्या प्लास्टिकमध्ये बांधलेलं असू द्या: टॉवेल, कोरडे कपडे, टोपी, मोजे, आणि बुटांऐवजी चपला, कारण सुजलेला ओला पाय बुटात पुन्हा जात नाही. चंदेरी फॉइल मिळालं तर कोरड्या कपड्यांवर गुंडाळा, ओल्यावर त्याचा उपयोग फार थोडा. मग गरम आणि गोड काहीतरी प्या.

मुंबई-ठाण्यात साचलेल्या पाण्यातून पळून आला असाल आणि पायाला फोड किंवा खरचटलेलं असेल तर पाय साबणाने धुऊन कोरडे करा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. उंदीर-गुरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो अशाच जखमांतून शिरतो, आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घ्यायचं का, किती, हे डॉक्टरच ठरवतील. बुटांतले इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला आणि पंख्याखाली सुकवा. कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलेल्या बुटांचा डिंक सुटतो आणि फोम आखडतो.