तुम्ही विचारलंत म्हणून: प्रकाशाला कसला आलाय डावा-उजवा?

मी प्रकाशातला डावा आणि उजवा वेगळा करते. हे काम ऐकलं की हा प्रश्न हमखास येतो. थ्रीडी सिनेमाचा चष्मा घरात असेल तर तो घालून आरशासमोर उभे राहा आणि एक डोळा मिटा. उघड्या डोळ्यासमोरची काच आरशात काळीकुट्ट दिसेल. मिटलेला डोळा मात्र स्वच्छ दिसेल. (काही चष्म्यांत उलटं दिसतं, त्यांची रचना वेगळी असते.) काचेतून बाहेर पडणारा प्रकाश एका अंगाला गिरकी घेत निघतो. आरशावरून परतताना गिरकी उलटते आणि तीच काच त्याला अडवते. ही गिरकी म्हणजे प्रकाशाचा स्पिन.

आम्ही त्यातला डावा-उजवा निवडतो तो पिळाच्या जोरावर. एक सपाट जाळी घ्या, डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेघांची. तिला स्वतःचा पीळ नसतो. तिच्यावर तशीच दुसरी जाळी थोडी फिरवून ठेवली की दोन्ही मिळून स्क्रूच्या आट्यांसारखी रचना होते. आता एका अंगाचा प्रकाश जास्त पार होतो, दुसऱ्याचा कमी. वरचा थर उलट बाजूला फिरवला की पारडंही उलटतं. सूक्ष्मदर्शकाखाली मी तो थर हळूहळू फिरवते, तेव्हा पडद्यावर डाव्या-उजव्याचे आलेख एकावर एक बसलेले असतात. मग ते सुटे व्हायला लागतात. इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी मी खुर्चीत पुढे सरकतेच.

कल्पना जुनी आहे. १८६९ मध्ये जर्मनीत रॉइश यांनी अभ्रकाचे पापुद्रे प्रत्येक वेळी ठरावीक कोनात फिरवून रचले आणि साध्या अभ्रकाकडून क्वार्ट्झ या स्फटिकाचं काम, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळवणं, करून घेतलं. पण मला जास्त प्रेम आहे ते १८९८ च्या कोलकात्यावर. जगदीशचंद्र बोस यांनी चक्क तागाच्या जुड्या पिळल्या आणि त्यांतून विद्युतलहरी (आजच्या भाषेत मायक्रोवेव्ह) सोडल्या. उजव्या पिळाने लहरींच्या कंपनाची दिशा एकीकडे वळली, डाव्याने दुसरीकडे. साखरेच्या पाण्यात प्रकाशाच्या कंपनाची दिशा अशीच वळते, त्याचा हा हातात धरता येणारा नमुना होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ कशाचाही चालतो, ताग, अभ्रक नाहीतर सिलिकॉन.

म्हणून नवा विद्यार्थी आला की मी आधी त्याच्या हातात सुतळीचा तुकडा देते. पीळ कुठला, डावा की उजवा? ठरलं की तुकडा उलटा धरायला सांगते. पीळ तोच असतो.