माझ्या कर्नेलची प्रगती: काउंटर पर-सीपीयू झाले

माझ्या एक्स८६-६४ कर्नेलमधील (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातील) आकडेवारीचे सर्व काउंटर आता पर-सीपीयू झाले आहेत, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरसाठी त्यांची वेगळी प्रत आहे. आजवर वापरात असलेल्या पेजेसचा (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांचा) हिशेब एकाच सामाईक व्हेरिएबलमध्ये ठेवला जात असे आणि प्रत्येक बदल लॉक प्रीफिक्स लावलेल्या (म्हणजे इतर प्रोसेसरांना मध्ये येऊ न देणाऱ्या) इन्स्ट्रक्शनने होत असे. उत्तर अचूक येई, परंतु तो काउंटर ज्या ६४ बाइटांच्या कॅश लाइनमध्ये (प्रोसेसरच्या जलद मेमरीतील एका खंडात) होता, तिचा ताबा प्रत्येक वाढीला एका कोअरकडून दुसऱ्याकडे जाई आणि बराचसा वेळ त्या ओढाताणीतच खर्ची पडे.

नवी मांडणी सरळ आहे. लिंकर स्क्रिप्टमध्ये (कर्नेलचे भाग मेमरीत कसे मांडायचे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) या व्हेरिएबल्सचा वेगळा सेक्शन आहे. बूट होताना प्रत्येक प्रोसेसरसाठी त्याची प्रत स्वतंत्र पेजेसमध्ये तयार होते, आणि प्रतीचा पत्ता व मूळ सेक्शनचा पत्ता यांतील फरक त्या प्रोसेसरच्या जीएस बेसमध्ये (जीएस-सापेक्ष पत्त्यांत आपोआप मिळवल्या जाणाऱ्या आकड्यात) लिहिला जातो. यूजर मोडमधून (सामान्य प्रोग्रॅममधून) आत येताना स्वॅपजीएस, म्हणजे यूजरच्या जीएस बेसच्या जागी कर्नेलचा आणणे, करावे लागते, मात्र कर्नेलमध्येच असताना इंटरप्ट (चालू काम थांबवणारा संकेत) आला तर ते करायचे नसते. स्टॅकवर जतन झालेल्या सीएस रजिस्टरचे खालचे दोन बिट आधीचा मोड सांगतात; ते पाहून हे ठरते.

खरा लाभ कुठे आहे, हे कंपायलरने तयार केलेले असेम्ब्ली वाचल्यावर स्पष्ट होते. काउंटर वाढवण्याचे सगळे काम जीएस-सापेक्ष पत्त्यावरील एकाच ‘इंक’ (एकने वाढ) इन्स्ट्रक्शनमध्ये उरकते. इंटरप्ट दोन इन्स्ट्रक्शन्सच्या मध्ये येतो, एकीच्या पोटात नाही. शिवाय प्रत्येक प्रोसेसर स्वतःच्याच प्रतीत लिहितो. म्हणून लॉक प्रीफिक्सही लागत नाही आणि प्रीएम्प्शनही (शेड्यूलरने चालू थ्रेड मध्येच थांबवून दुसरा चालवणे) बंद करावे लागत नाही. याउलट आधी व्हेरिएबलचा पॉइंटर घेतला आणि नंतर त्यातून वाढ केली, तर मधल्या क्षणी शेड्यूलर तो थ्रेड दुसऱ्या प्रोसेसरवर हलवू शकतो, आणि आपण परक्या प्रतीत लिहून बसतो. म्हणून माझ्या मते पर-सीपीयू व्हेरिएबलचा पत्ता मागणे हेच मुळात महाग आहे, व्हेरिएबल वापरणे नव्हे.

तरीही मोकळ्या पेजेसच्या यादीसारख्या ठिकाणी पत्ता लागतोच. ‘एलईए’ ही इन्स्ट्रक्शन पत्ता काढताना सेगमेंटचा बेस मिळवत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रतीत तिचा स्वतःचा फरक एका व्हेरिएबलमध्ये साठवून ठेवला आहे. तो जीएसमधून वाचून व्हेरिएबलच्या मूळ पत्त्यात मिळवला की झाले. अशा वेळी काम संपेपर्यंत प्रीएम्प्शन बंद ठेवणे भाग आहे, आणि तीच यादी इंटरप्ट हँडलरही हाताळत असेल तर त्या प्रोसेसरवरील इंटरप्टही. लिनक्समध्ये एक्स८६वर प्रीएम्प्शनची मोजणी स्वतःच पर-सीपीयू आहे; मीही तेच केले, त्यामुळे ही बंद-चालू अगदी स्वस्तात होते.

बेरीज वाचण्याची बाजू मात्र महाग झाली, कारण सर्व प्रतींवर फिरावे लागते. एका प्रोसेसरवर घेतलेले पेज दुसऱ्यावर परत केले जात असल्याने एखाद्या प्रतीतील आकडा ऋण दिसतो. तो दोष नव्हे, एकूण बेरीज जुळते. फिरताना काउंटर बदलत राहतात, म्हणून ती बेरीज एका नेमक्या क्षणाची नसते. आकडेवारीला तेवढे पुरते. मेमरी संपली की नाही हा निर्णय मात्र मी अशा बेरजेवर सोपवणार नाही.

मोजमाप करणाऱ्यांसाठी एक सूचना: क्यूएमू या एम्युलेटरच्या टीसीजीमध्ये (इन्स्ट्रक्शन्स सॉफ्टवेअरने भाषांतरित करून चालवण्याच्या पद्धतीत) कॅशचे अनुकरण होत नाही, त्यामुळे कॅश लाइनची ओढाताण तिथे नीट दिसत नाही. केव्हीएम (खऱ्या प्रोसेसरवरच चालणारे व्हर्च्युअल यंत्र) किंवा प्रत्यक्ष यंत्रच हवे.

पुढचा टप्पा पेज अ‍ॅलोकेटरचा (पेजेस वाटणाऱ्या भागाचा) आहे: प्रत्येक प्रोसेसरपाशी पेजेसचा छोटा साठा असेल, आणि तो रिकामा झाला किंवा ओसंडू लागला तरच सामाईक लॉक घेऊन एकगठ्ठा देवघेव होईल.