ब्राउझर चालतो पण गिट क्लोन होत नाही : ऑफिसच्या सर्टिफिकेटचा माझा अनुभव

नवीन कंपनीत जॉइनिंग, आयडी कार्ड, ईमेल सगळं भराभर झालं. अडलं ते कामाला बसल्यावर. गिट क्लोन (सर्व्हरवरचा कोड मशीनवर उतरवायची कमांड) मारलं की एरर, साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेट चेनमध्ये सेल्फ साइन्ड, म्हणजे स्वतःच स्वतःला साइन केलेलं, सर्टिफिकेट आहे म्हणून. एनपीएम इन्स्टॉलला तेच, पिपलाही तसंच (दोन्ही पॅकेजं उतरवणारी टूल्स, पहिलं नोडचं, दुसरं पायथनचं). क्रोममध्ये मात्र तीच साइट झकास उघडते.

कारण सरळ आहे. ऑफिसचा प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवरचा मधला सर्व्हर, एचटीटीपीएस ट्रॅफिक मधेच उघडून तपासतो आणि कंपनीच्या स्वतःच्या रूट सर्टिफिकेटने (बाकी सर्टिफिकेटांवरचा विश्वास ज्यावर उभा असतो ते मूळ सर्टिफिकेट) पुन्हा साइन करून पुढे पाठवतो. ते रूट आयटीवाल्यांनी विंडोजच्या स्टोअरमध्ये टाकलेलं असतं, क्रोम आणि एज तिथेही बघतात. पण नोडची विश्वासू सर्टिफिकेटची यादी वेगळी, जावाची वेगळी, डब्ल्यूएसएलमधल्या (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) उबुंटूची आणखी वेगळी.

मी टिकिट टाकलं, कमांड आणि पूर्ण एरर पेस्ट केला, रूट सर्टिफिकेटची फाइल मागितली. उत्तर काय, तर क्रोममध्ये साइट उघडल्याचा स्क्रीनशॉट, आणि टिकिट रिझॉल्व्ह्ड! रिओपन केलं तर कॅशे क्लिअर करा, रिस्टार्ट करा. परत रिओपन केलं तर मॅनेजरचं अप्रूव्हल आणा. अप्रूव्हल आणलं तर टिकिट दुसऱ्या टीमकडे, आणि त्यांनी पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली, ब्राउझर चालतो का? मी एकच गोष्ट सांगत होते की ब्राउझरचा प्रश्नच नाहीये, पण त्यांच्या लेखी साइट उघडली म्हणजे काम झालं. माझा स्प्रिंट (ठरलेल्या कामाचा टप्पा) चालू, स्टँडअपच्या छोट्या मीटिंगला रोज "अजून सेटअपच चाललाय" सांगायचं, फार चीड यायची, अजूनही येते.

टीममधले म्हणाले, अगं एसएसएल व्हेरिफाय फॉल्स करून टाक, म्हणजे सर्टिफिकेटची तपासणीच बंद, आम्ही सगळ्यांनी तेच केलंय. कृपा करून हे करू नका. ग्लोबल सेटिंग एकदा बंद झालं की परत कोणी चालू करत नाही, मग उद्या घरच्या किंवा कॅफेच्या वायफायवर तुमचा टोकन (पासवर्डसारखी लॉगिनची किल्ली) कुणाच्या हाती जातोय ते कळणारही नाही.

शेवटी एका सीनियर मॅडमनी दाखवलं की फाइल माझ्याच मशीनवर आहे. सर्टएमजीआर (विंडोजचं सर्टिफिकेट मॅनेजर) उघडायचं, ट्रस्टेड रूटमध्ये कंपनीचं सर्टिफिकेट शोधायचं, बेस-64 फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट करायचं, बस्स. आयटीने हे एका ओळीत सांगायला काय हरकत होती?

विंडोजवरच्या गिटला तर फाइलही लागत नाही, एसएसएल बॅकएंड एसचॅनल (विंडोजची स्वतःची एसएसएल व्यवस्था) केलं की तो विंडोजचंच स्टोअर वापरतो. नोडसाठी नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये फाइलचा पाथ द्या आणि नवीन टर्मिनल उघडा, जुन्यात लागू होत नाही. पिप 24.2 पासून, पायथन 3.10 किंवा पुढचं असेल तर, सिस्टिमचं स्टोअर आपोआप बघतं, त्यामुळे आधी पिप अपडेट करून घ्या. जावात त्याच्याच कीटूल या कमांडने इम्पोर्ट करायचं, बदललेला नसेल तर पासवर्ड चेंजइट असतो. उबुंटूत फाइलचं एक्स्टेन्शन सीआरटीच हवं, सीईआर ठेवलं तर सर्टिफिकेटची यादी अपडेट करणारी कमांड ती उचलतच नाही.

आणि हो, डॉकर (अ‍ॅप त्याच्या वेगळ्या डब्यात बांधून चालवायचं टूल) राहिलंच, मशीनवर सगळं नीट झालं तरी बिल्डमध्ये परत तोच एरर येणार, तिथे डॉकरफाइलमध्येच सर्टिफिकेट कॉपी करून विश्वासू यादीत घालावं लागतं, आणि तेही पॅकेज इन्स्टॉलच्या ओळीच्या आधी.