दिघीच्या किनाऱ्यावरून मुंबईला गेलेले ट्रक

परवा लातूरला अभ्यासिकेखालच्या टपरीवर एका पोरानं विचारलं, सर, लाच खाणं वाईटच हाय पण बायडेननं जून 2021 ला भ्रष्टाचार म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न असं का म्हणलं, लाचेचा अन् सुरक्षेचा काय संबंध? मी म्हणलं अमेरिका राहू दे, आधी आपलं रायगड बघ. 1993 च्या सुरुवातीला दिघीला अन् शेखाडीला शस्त्रं, आरडीएक्स उतरलं. तिथून मुंबईपर्यंत कस्टमवाले होते, पोलीस होते. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ट्रक अडवले बी, पण सौदा झाला, रोकड कमी पडली म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या अन् ट्रक सोडून दिले. 12 मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, 257 माणसं मेली. पुढं टाडा म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या कोर्टानं त्या पोलिसांना, कस्टमवाल्यांना शिक्षा दिल्या. पोरगं हातातला चहा प्यायचंच विसरलं.

मग बाकीचं सांगितलं. लॉकहीड या अमेरिकन विमान कंपनीनं विमानं विकायला थेट जपानच्या पंतप्रधानापर्यंत पैसा पोचवला, ते 1976 ला उघड झालं अन् 1977 ला अमेरिकेनं कायदा केला की आपल्या कंपन्यांनी परदेशातल्या अधिकाऱ्याला लाच द्यायची नाही. आता फेब्रुवारी 2025 ला ट्रम्पनं त्याच कायद्याच्या नव्या केसेस 180 दिवस थांबवल्या, अमेरिकन कंपन्या धंद्यात मागं पडतात म्हणून. मला हे लई चुकीचं वाटतं. आपलं तरी काय, 2011 ला आपण संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार मान्य केला, परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं गुन्हा ठरवणारं बिल त्याच वर्षी लोकसभेत आणलं आणि 2014 ला लोकसभेची मुदत संपली तसं ते बिल बी गेलं. हे बिल परत यायलाच पाहिजे, मी पोरांना दर बॅचला सांगतो.

घरी आलो तर अण्णा फेरफारचे कागद लावत बसलेले, सातबाऱ्याच्या घडीत पाचशेची नोट. कुणीतरी सांगितलं होतं ठेवा म्हणून. मी नोट काढून त्यांच्या खिशात ठेवली, म्हणलं अण्णा, 2018 पासून देणारा बी गुन्हेगार हाय, बळजबरीनं द्यावी लागली तर सात दिवसात कळवावं लागतंय. अण्णा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जाऊन अर्ज दिला, शिक्का मारलेली पोच घेतली. तीन आठवडे झाले, फेरफार अजून झाला नाही, अण्णा रोज सकाळी पोच काढून तारीख बघतेत अन् परत घडी घालून ठेवतेत.